जुन्या पोर्शे ९११ चा एसी: गळती शोधण्यापासून गॅस भरण्यापर्यंत

१९७४ ते १९८९ च्या काळातल्या पोर्शे ९११ चा एसी बिघडला की बहुतेक गाड्यांवर एकच उपचार होतो: गॅस भरणे. महिनाभर गारवा मिळतो, मग पुन्हा गरम हवा. या गाडीच्या रचनेत गॅस भरणे हे सगळ्यात शेवटचे काम आहे. त्याआधी गळती, होज (गॅसच्या रबरी नळ्या), उष्णता बाहेर फेकण्याची व्यवस्था आणि आतली ओल ही चार कामे ओळीने झाली नाहीत, तर भरलेला गॅस हवेतच जाणार.

हा लेख त्या पिढीतल्या गाड्यांसाठी आहे: २.७ लिटरच्या सुरुवातीच्या गाड्या, १९७८ ते १९८३ ची एससी आणि १९८४ ते १९८९ ची ३.२ कॅरेरा. त्यानंतर आलेल्या ९११ च्या ९६४ या पिढीची मांडणी वेगळी आहे.

गॅस कुठून कुठे जातो

इंजिन मागे, आणि थंडावा हवा पुढे. सगळी अडचण इथून सुरू होते. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, मागे, इंजिनाला लागून. तिथून निघालेला दाबाखालचा तप्त गॅस आधी इंजिनाच्या झाकणाखाली बसवलेल्या मागच्या कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर फेकणाऱ्या जाळीत) जातो, मग गाडीच्या पोटाखालून पुढे येऊन पुढच्या बंपरखालच्या दुसऱ्या कंडेन्सरमध्ये. इथे त्याचा द्रव होतो. तो द्रव डाव्या मडगार्डच्या आतल्या रिसीव्हर-ड्रायरमधून (ओल शोषणाऱ्या डब्यातून) एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे, म्हणजे दाब उतरवणाऱ्या झडपेकडे, आणि डिकीच्या (या गाडीत ती पुढे असते) मागच्या कप्प्यात, म्हणजे डॅशबोर्डच्या अगदी पुढे बसवलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये (केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीत) जातो. तिथून कमी दाबाचा गार गॅस जाड होजमधून पुन्हा मागे कॉम्प्रेसरकडे.

गाडी सुमारे ४.२९ मीटर लांब आहे, आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीचे रबरी होज एकदा पुढे जायला आणि एकदा मागे यायला लागतात. साध्या गाडीत इंजिनाच्या खोलीतच सगळे आटोपते, इथे तसे नाही. मूळ होज आतून साध्या रबराचे होते. जुने रबर कुठेही चीर न पडता, सगळ्या लांबीभर थोडाथोडा गॅस बाहेर झिरपू देते. म्हणून कितीही शोधले तरी गळतीची जागा सापडत नाही आणि गॅस मात्र कमी होत राहतो, हा अनुभव या गाडीच्या मालकांना नेहमी येतो.

दुसरी अडचण मागच्या कंडेन्सरची. इंजिन थंड करणारा मोठा पंखा झाकणाच्या जाळीतून हवा ओढतो, आणि ती हवा कंडेन्सरमधून जाते. वेगात हे ठीक चालते. सिग्नलला उभे राहिल्यावर इंजिनाचे फेरे कमी, हवा कमी, आणि खालून इंजिनाची धग. अशा वेळी तो कंडेन्सर गॅस थंड करण्याऐवजी तापवण्याचीच शक्यता जास्त. दुबईच्या किंवा ह्यूस्टनच्या दुपारी वाहतुकीत अडकलेली गाडी आत तापते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पाना हातात घेण्याआधी

एसी गार करत नाही असे वाटते तेव्हा कधीकधी एसी नीट गार करत असतो, पण हीटर त्याच वेळी केबिन तापवत असतो. या गाडीत पाण्याचा रेडिएटर नाही. हीटरची ऊब सायलेन्सरच्या पाइपांभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते आणि दोन बाजूंच्या झडपा ती केबिनमध्ये सोडतात किंवा बाहेर टाकतात. या झडपा गंजून अर्धवट उघड्या राहतात, केबल सैल पडते, किंवा सीटांच्या मधले तापमानाचे स्वयंचलित नियंत्रण बिघडते. तपासणी सोपी आहे: हीटर पूर्ण बंद करा, एसी बंद ठेवा, पंधरा मिनिटे गाडी चालवा आणि पायांजवळच्या झरोक्यांपाशी हात धरा. गरम हवा लागली तर आधी झडपा दुरुस्त करा. एसीवर हजारो रुपये किंवा डॉलर घालूनही ही गरम हवा थांबणार नाही.

त्यानंतर विजेची बाजू. बॅटरी डिकीत डाव्या पुढच्या कोपऱ्यात असते, तिच्या टोकांवर १२.५ व्होल्ट तरी हवेत. इंजिन चालू करून एसी लावा. कॉम्प्रेसरच्या पुलीपुढची चकती 'टक्' आवाज करून फिरू लागली पाहिजे, आणि पुढच्या कंडेन्सरचा पंखाही फिरला पाहिजे. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर या क्रमाने बघा. बंपरखाली चिखल-पाण्यात राहून ही मोटर जाम होते. पंखा हाताने फिरवून पाहा, रखडत असेल तर मोटर बदलणे हाच मार्ग.

ही चकती क्लचची, म्हणजे पट्ट्यावर फिरणारी पुली कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या विजेच्या भागाची. क्लच बसत नसेल तर त्याच्या तारेला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. बसला, तर दोष थर्मोस्टॅट, स्विच किंवा तारेत. नाही बसला, तर कॉइल मोजा: साधारण ३ ते ५ ओहम यायला हवेत. क्लचच्या चकतीतील फट फीलर गेजने मोजा, निप्पोन्डेन्सोच्या कॉम्प्रेसरला ०.३५ ते ०.६५ मिलिमीटर चालते. फट याहून मोठी झाली की क्लच थंड असताना बसतो आणि तापला की सुटतो. अर्ध्या तासाने एसी बंद पडण्याचे हे खरे कारण असू शकते, आणि त्यासाठी लोक विनाकारण कॉम्प्रेसर बदलतात.

थर्मोस्टॅटची बारीक नळी इव्हॅपोरेटरच्या पात्यांत खोचलेली असते. कुणीतरी डॅश काढताना ती बाहेर आली असेल तर क्लच कधी सुटतच नाही आणि इव्हॅपोरेटरवर बर्फ धरतो. सुरुवातीला छान गार, मग हवेचा झोत कमी, मग काहीच नाही, आणि दहा मिनिटे बंद ठेवल्यावर पुन्हा गार: हे लक्षण बर्फाचे आहे.

गेज लावून बघा

गाडी किमान चार तास उभी असताना मॅनिफोल्ड गेज (जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब दाखवणारे उपकरण) लावा. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा येईल आणि तो बाहेरच्या तापमानावर ठरेल. आर-१३४ए (जुन्या आर-१२ च्या जागी आलेला गॅस) साठी २५ अंश सेल्सियसला सुमारे ८१ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ३० ला ९७, ३५ ला ११४. याहून बराच कमी दाब म्हणजे आत द्रव उरलेलाच नाही, गॅस जवळजवळ संपला. पाच-सात पीएसआयने जास्त आला तर आत हवा शिरली आहे, मागच्या वेळी कुणीतरी व्हॅक्युम नीट न करता, म्हणजे पंपाने आतली हवा पूर्ण न काढता, गॅस भरला. दाब बरोबर आला तरी गॅस पुरेसा आहे असे त्यावरून ठरत नाही: आत थोडासा द्रव असला तरी दाब तेवढाच दिसतो.

गेज लावण्याआधी गाडीत कोणता गॅस आहे हे कळायला हवे. मूळ गाड्या आर-१२ च्या. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराखाली विकसित देशांनी त्याचे उत्पादन १९९६ च्या सुरुवातीपासून बंद केले, आणि भारतासारख्या देशांसाठी २०१० ही शेवटची मुदत होती. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या अनेक गाड्यांत मधल्या काळात कुणीतरी आर-१३४ए भरलेला असतो, कधी लेबल लावून, कधी न लावता. आर-१२ चे जोड मळसूत्राचे, आर-१३४ए चे झटकन बसणारे. जोडावरून खात्री होत नसेल तर गॅस ओळखण्याचे यंत्र असलेल्या दुकानात तपासून घ्या. प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण भरलेले निघाले तर ते ज्वलनशील आहे. आणि या गाडीत पेट्रोलची टाकी त्याच डिकीखाली असते, हे विसरू नका.

गॅस काढणे

गॅस हवेत सोडू नका. आर-१२ ओझोनचा थर खातो. आर-१३४ए तसे करत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त प्रभावी आहे. अमेरिकेत दोन्ही हवेत सोडणे कायद्याने गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन गाडीच्या एसीचे काम करणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. रिकव्हरी यंत्र (गॅस ओढून साठवणारे यंत्र) असलेल्या दुकानातून गॅस काढून घ्या आणि किती ग्रॅम निघाला हे लिहून ठेवा. गाडीच्या एसीच्या लेबलवर १३०० ग्रॅम असताना ४०० निघाले, तर गळती किती मोठी आहे याचा अंदाज येतो. काढलेला आर-१२ फेकण्यासारखा नाही, शुद्ध करून तो पुन्हा वापरता येतो आणि त्याला चांगली किंमतही आहे.

हे करताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. द्रव गॅस कातडीवर पडला तर क्षणात ऊती गोठतात, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॅस असलेल्या जागी ज्योत किंवा सिगारेट नको. तापल्यावर या गॅसांपासून विषारी वायू होतात.

गळती कुठे असते

गळणारा गॅस आपल्याबरोबर तेल बाहेर आणतो, आणि त्या तेलावर धूळ बसते. म्हणून पहिला शोध डोळ्यांनी आणि बोटांनी: काळा, चिकट, मळकट डाग. या गाडीत नेहमीच्या जागा अशा.

कॉम्प्रेसरच्या पुढच्या शाफ्टचे सील. वर्षभर एसी लावला नाही की सील कोरडे पडते. गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी महिन्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवायला सांगतात, ते याच कारणाने. क्लचच्या चकतीच्या आतल्या बाजूला तेलाचे फवारे दिसले की दोष इथे आहे असे समजा.

मागच्या कंडेन्सरचे दोन होज. झाकण दर वेळी उघडते-मिटते, तेव्हा ते वाकतात, आणि वाकतात ते नेमके जोडाजवळ. तीस-चाळीस वर्षांत किती वेळा ते झाकण उघडले असेल, विचार करा.

पुढचा कंडेन्सर. रस्त्यावरच्या दगडांचा मार सगळ्यात आधी त्याला लागतो. ड्रायर मडगार्डच्या आत मिठाच्या पाण्याने बाहेरून गंजतो. आणि इव्हॅपोरेटरच्या खोक्यात साठलेली झाडाची पाने व ओल ॲल्युमिनियम पोखरतात.

डोळ्यांनी सापडली नाही तर नायट्रोजन. गॅस पूर्ण काढल्यावर रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा, त्याहून जास्त नको, इव्हॅपोरेटर त्यापेक्षा जास्त दाबासाठी बनवलेला नसतो. प्रत्येक जोडावर भांड्याच्या साबणाचे दाट पाणी लावा आणि थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा यायला मिनिटभर लागतो. दाब रात्रभर ठेवून सकाळी बघणे आणखी चांगले, पण तापमान लक्षात घ्या: या दाबाला एक अंश तापमान उतरले की अर्धा पीएसआय कमी होतो. रात्री गारवा आला म्हणून तीन पीएसआय उतरले, तर ती गळती नाही.

ऑक्सिजन कधीही वापरू नका, दाबाखाली तेलाशी त्याचा स्फोट होतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, ती ओल आत टाकते.

गळती बंद करण्याचे औषध म्हणून जे द्रव विकले जाते, ते टाळा. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये घट्ट होते आणि दुकानाच्या रिकव्हरी यंत्रातही जाऊन ते बिघडवते. चांगली दुकाने अशी गाडी आत घेत नाहीत.

होज बदलणे

पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. बॅरियर होज म्हणजे आतून नायलॉनचा थर असलेला होज. आर-१३४ए चा रेणू आर-१२ पेक्षा लहान असतो, जुन्या रबरातून तो आणखी लवकर बाहेर पडतो. सगळे होज एकाच वेळी बदला. दोन बदलून तीन जुने ठेवले तर सहा महिन्यांत पुन्हा हेच काम.

मापे नंबरने सांगतात: दाबाच्या बाजूला ८ नंबर, म्हणजे आतून १३/३२ इंच. द्रवाच्या बाजूला साधारण ६ नंबर, ५/१६ इंच. परतीचा होज १० किंवा १२ नंबर. तुमच्या गाडीचे जुने होज काढा, दोरीने लांबी मोजा, कोपऱ्यावरच्या जोडांचे कोन कागदावर आखून घ्या आणि मगच नवे बनवायला द्या. जोडाचा कोन पाच-दहा अंशांनी चुकला तर झाकण मिटताना होज दुमडतो. क्रिंप करणाऱ्याकडे, म्हणजे होजच्या टोकाला जोड दाबून बसवणाऱ्याकडे, बॅरियर होजची टोपणे आणि तसाच डाय (दाबण्याचा साचा) आहे ना हे विचारा, साध्या होजचा डाय बॅरियर होज चिरतो.

लांब होज डाव्या बाजूने खालून जातात. जुने काढताना नव्याचे टोक त्यालाच बांधून ओढले की मार्ग हरवत नाही. दोन्ही टोकांना टोप्या लावलेल्या असू द्या, माती आत गेली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडावर जाऊन बसते. सायलेन्सर आणि हीट एक्स्चेंजरपासून लांब ठेवा, जिथे जवळून न्यावेच लागेल तिथे उष्णतारोधक वेष्टन घाला. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नका, घोड्या लावा.

कंडेन्सर

फक्त आर-१२ ऐवजी आर-१३४ए भरला आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर गाडी पूर्वीपेक्षा कमी गार होते. आर-१३४ए ला वरच्या बाजूचा दाब जास्त लागतो आणि उष्णता फेकायला चांगला कंडेन्सर लागतो. मूळचे कंडेन्सर गोल नळी आणि पात्यांचे. त्याऐवजी पॅरलल-फ्लो प्रकारचा, म्हणजे अनेक चपट्या नळ्या समांतर असलेला, त्याच जागेत बराच जास्त उष्णता फेकतो. आधी पुढचा बदला, त्याचा पंखाही जास्त हवेचा घ्या. उष्ण प्रदेशात राहत असाल तर पंख्यासह एक जादा छोटा कंडेन्सर चाकाच्या कमानीत बसवण्याची पद्धत रूढ आहे. उजव्या पुढच्या मडगार्डमध्ये इंजिन ऑइलचा कूलर असतो, म्हणून जागा डावीकडे किंवा मागच्या चाकाजवळ शोधावी लागते.

मागचा कंडेन्सर ठेवायचा की काढायचा, यावर मतभेद आहेत. आमचे मत: पुढचा चांगला पॅरलल-फ्लो आणि एक जादा कंडेन्सर बसवला असेल, तरच मागचा काढण्याचा विचार करा. तोवर तो ठेवा, पण त्याच्या पात्यांत अडकलेली धूळ, किडे आणि तेल साबणाच्या पाण्याने काढा आणि वाकलेली पाती कंगव्याने सरळ करा. प्रेशर वॉशर वापरू नका, पाती आडवी होतात.

इव्हॅपोरेटर

बॅटरीची अर्थची तार काढा, डिकीतला गालिचा काढा, मागच्या कप्प्यातले खोके उघडा. तीन-चार दशकांची पाने, माती आणि कधीकधी उंदराचे घरटे सापडते. पात्यांतून हवाच जात नसेल तर गॅस कितीही भरला तरी केबिन गार होणार नाही. इव्हॅपोरेटर बाहेर काढून धुवा, पाणी बाहेर जाण्याच्या नळ्यांतून तार फिरवा. नळी तुंबली की पाणी खोक्यात राहते आणि ओल्या सतरंजीचा वास येतो. ब्लोअर मोटर हाताशी आहे तोवर तिचा आवाज आणि पाते तपासा, कारण पुन्हा हे उघडायला तुम्हाला अर्धा दिवस जाईल.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा घाला. त्याची तापमान जाणणारी नळी इव्हॅपोरेटरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाला घट्ट बांधून तिच्यावर चिकट इन्सुलेशन टेप गुंडाळा. ती सैल राहिली तर व्हॉल्व्ह चुकीच्या तापमानावर चालतो, आणि हा दोष गॅस भरल्यानंतरच समजतो.

कॉम्प्रेसर, धुलाई आणि तेल

सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत यॉर्कचा उभा, दोन सिलिंडरचा जड कॉम्प्रेसर मिळतो. नंतरच्या गाड्यांत निप्पोन्डेन्सोचा. यॉर्क हादरतो आणि त्याचे ब्रॅकेट तडकतात, ते बघून घ्या. कॉम्प्रेसर काढल्यावर त्यातले तेल स्वच्छ काचेच्या भांड्यात ओता. पिवळसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळे असेल किंवा त्यात चांदीसारखी चमक दिसली तर आतले धातू झिजून सगळीकडे पसरले आहेत. मग कॉम्प्रेसर बदलाच, शिवाय पुढच्या वाटेत जो कंडेन्सर आहे तोही बदला.

होज जुनेच ठेवत असाल तर ते, इव्हॅपोरेटर आणि गोल नळीचे कंडेन्सर एसीच्या फ्लशने (धुण्याच्या खास द्रवाने) धुवा आणि नायट्रोजनने पूर्ण वाळवा. वाळवताना विस्तवाजवळ नको. पॅरलल-फ्लो कंडेन्सर नीट धुता येत नाही, कचरा शिरला असेल तर तो बदला. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह कधीही फ्लशने धुवायचे नाहीत.

आर-१२ बरोबर खनिज तेल चालते. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही. गॅस पुढे जातो, तेल इव्हॅपोरेटरमध्ये मागे राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून त्याच्याबरोबर एस्टर किंवा पीएजी हे कृत्रिम तेल लागते. एस्टर तेल जुन्या खनिज तेलाच्या उरलेल्या थेंबांना सांभाळून घेते. पीएजी तेल नवा कॉम्प्रेसर बनवणारा सांगतो तेव्हा वापरा, पण ते हवेतली ओल शोषते, म्हणून बाटली उघडल्यावर ठेवून देऊ नका. दोन्ही एकत्र करू नका.

किती तेल? कॉम्प्रेसरच्या कागदावर दिलेले प्रमाण हाच पाया. त्यात कॉम्प्रेसरमध्ये कारखान्यातून किती भरून आले आहे ते मोजून वजा करा. केवळ काही भाग बदलत असाल तर साधारण अंदाज असा:

- इव्हॅपोरेटर बदलला तर ४५ ते ६० मिलिलिटर
- प्रत्येक कंडेन्सरसाठी सुमारे ३० मिलिलिटर
- ड्रायरसाठी १५ ते ३० मिलिलिटर

या गाडीचे लांब होज आपल्या अंगात थोडे तेल धरून ठेवतात, म्हणून अगदी काटेकोर कमी तेल घालू नका. आणि फार जास्तही नको: जादा तेल इव्हॅपोरेटरच्या भिंतीवर थर धरते आणि गारवा कमी करते.

जोडणी

सगळ्या ओ-रिंग (जोडांतल्या गोल रबरी कड्या) नव्या, आणि त्या एचएनबीआर प्रकारच्या रबराच्या. जुन्या काळ्या साध्या ओ-रिंग पुन्हा घालू नका. लावण्याआधी प्रत्येकीला एसीचेच तेल बोटाने लावा. जुन्या गाडीत काही जोड ओ-रिंगचे असतात, काही पसरट तोंडाचे. पसरट तोंडाच्या जोडाला ओ-रिंग घालून गळती थांबत नाही, उलट तोंड खराब होते. दोन पाने (स्पॅनर) वापरा, एकाने धरा, एकाने फिरवा, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळून जाते. ॲल्युमिनियमच्या जोडासाठी ६ नंबरला १५ ते १८ न्यूटन-मीटर, ८ ला २० ते २७, १० ला २८ ते ३६ असा जोर पुरतो.

मूळ गाडीत दाबाचा सुरक्षा स्विच बहुधा नसतोच. ड्रायरजवळच्या द्रवाच्या वाटेवर एक बायनरी स्विच बसवा: दाब साधारण ३० पीएसआयखाली गेला किंवा ३८० ते ४०० च्या वर चढला की तो क्लच सोडवतो. पुढच्या पंख्याची मोटर वाहतुकीत बंद पडली, तर हाच स्विच कॉम्प्रेसर वाचवतो. अमेरिकेत आर-१३४ए वर बदलताना, ज्या गाडीत दाब सोडणारी झडप आहे, तिथे कॉम्प्रेसर थांबवणारा स्विच बसवणे आवश्यक आहे. शिवाय नव्या गॅसचे जोड आणि लेबलही लावावे लागते.

ड्रायर शेवटी जोडा. त्याच्या टोप्या काढल्या की आतले दाणे हवेतली ओल घेऊ लागतात. टोप्या काढल्यापासून व्हॅक्युम पंप लावेपर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका.

व्हॅक्युम

व्हॅक्युमचे काम केवळ हवा काढणे नाही. आत राहिलेले पाणी तापमान न वाढवता उकळवून बाहेर काढणे, हे त्याचे खरे काम. २५ अंशांना पाणी ३२ मिलिबारच्या आसपास उकळते, त्यामुळे पंपाने त्याच्या बराच खाली जायला हवे. दोन टप्प्यांचा पंप आणि मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारा गेज) वापरा, ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा. या गाडीत इतकी लांबी आहे की पाऊण ते एक तास सहज लागतो.

मायक्रॉन गेज नसेल तर साध्या गेजचे वाचन जागेच्या उंचीवरून समजून घ्या. मुंबईत पूर्ण व्हॅक्युम म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ ३० इंच. पुणे सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तिथे तोच व्हॅक्युम २८ इंच दाखवेल. पुण्यात काटा ३० वर जात नाही म्हणून पंप बदलू नका.

गेजचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटवा, मग पंप बंद करा आणि अर्धा तास बघा. वाचन पटकन चढून चढतच राहिले तर गळती आहे. १००० ते १५०० मायक्रॉनपर्यंत चढून तिथे थांबले तर आत अजून ओल आहे, पंप पुन्हा चालवा.

गॅस भरणे

आर-१३४ए वर बदलत असाल तर लेबलवरच्या आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के भरा. लेबलवर १३०० ग्रॅम असतील तर १०४० ते ११७०. जादा कंडेन्सर बसवले असतील तर लेबल आता लागू नाही: कमी भरून सुरुवात करा आणि दाब बघत ५० ग्रॅमने वाढवा. वजनकाट्याशिवाय भरू नका. गॅसच्या कॅनमध्ये आणि गेजच्या नळ्यांत थोडा गॅस उरतो, त्याचाही हिशेब ठेवा.

पहिला भाग इंजिन बंद असताना, दाबाच्या बाजूने द्रव स्वरूपात. मग ही बाजू बंद करा. मग क्लचची चकती हाताने दहा वेळा फिरवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या आत द्रव साठला असेल तर तो पुढे सरकेल. आता इंजिन चालू करा, फेरे १५०० ते २००० वर ठेवा, एसी पूर्ण, पंखा पूर्ण, खिडक्या उघड्या, इंजिनाचे झाकण बंद. उरलेला गॅस कमी दाबाच्या बाजूने वायू म्हणून. इंजिन चालू असताना दाबाच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडू नका, तो दाब कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो.

ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे आर-१२ साठी खूण होती. आर-१३४ए मध्ये बुडबुडे जाईपर्यंत भरले तर गॅस हमखास जास्त होतो.

बाहेर ३० ते ३५ अंश असताना कमी बाजूला २५ ते ४० पीएसआय आणि जास्त बाजूला २०० ते २६० पीएसआय दिसले की बरोबर. मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरा: उभ्या गाडीत ८ ते १२ अंश या गाडीसाठी चांगले, धावताना आणखी उतरेल. आजच्या सेडानशी तुलना करू नका.

वाचन वेगळे आले तर:

- दोन्ही बाजू कमी: गॅस कमी, किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला
- दोन्ही जास्त: गॅस जास्त, कंडेन्सरला हवा कमी, किंवा आत हवा शिरली. बाहेरून कंडेन्सरवर पाणी मारले आणि दाब लगेच उतरला, तर दोष हवेच्या झोताचा
- कमी बाजू चढलेली, जास्त बाजू उतरलेली: कॉम्प्रेसर आतून झिजला
- सुरुवातीला ठीक, मग कमी बाजू व्हॅक्युममध्ये, थोड्या वेळाने पुन्हा ठीक: आत ओल राहून व्हॉल्व्हवर बर्फ होतो. गॅस काढा, ड्रायर बदला, व्हॅक्युम पुन्हा करा

गेज काढण्याआधी इंजिन बंद करा. व्हॉल्व्हच्या टोप्या रबरी सीलसह परत लावा, त्यांच्याखालून होणारी बारीक गळती वर्षभरात बराच गॅस नेते. कॉम्प्रेसरचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा, मधोमध सुमारे १० मिलिमीटर दबायला हवा. नवा पट्टा पहिल्या ३०० किलोमीटरनंतर पुन्हा ताणा. दोन आठवड्यांनी सकाळी, गाडी तापण्याआधी, गेज एकदा परत लावून बघा आणि भरलेले ग्रॅम, तेलाचा प्रकार, दोन्ही दाब आणि तारीख डिकीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. पुढच्या मेकॅनिकला आत कोणता गॅस आणि कोणते तेल आहे हे शोधत बसावे लागणार नाही.